ॲसिडची हौस

आमच्या बीड जिल्ह्यात कुणाला मत विचारणं जोखमीचं काम आहे. 'मत' हा शब्द कानावर पडला की समोरचा माणूस आधी तुमच्या मागं किती गाड्या उभ्या आहेत ते बघतो, मग गळ्यातल्या उपरण्याचा रंग बघतो, आणि दोन्ही नसलं तर 'तुमच्या शब्दाबाहेर हाव का आमी?' असं म्हणून मोकळा होतो. हेच वाक्य त्यानं सकाळपासून आणखी तिघांना ऐकवलेलं असतं आणि तिघांच्याही शब्दात तो असतो.

अशा मुलखात यंदाच्या दिवाळीला माझा भाचा मतं गोळा करायला आला. स्थानिक निवडणुकांचं वारं सुटलेलं, आणि हा पुण्याहून हातात वही, खांद्यावर पिशवी आणि दाढी घेऊन उतरला. केजच्या स्टँडवरून गावापर्यंत येताना दोघांनी त्याला 'तिकीट कुणाला मिळायलंय?' म्हणून विचारलं. त्याला वाटलं एसटीचं. तो म्हणाला, "मला मिळालंय." गावात तो पोचायच्या आधी बातमी पोचली.

त्याला मतं हवी होती ती एका गाण्याच्या तबकडीवर. पुण्यात, हिंजवडीला, तो दिवसा संगणकाचं काम करतो आणि रात्री जुन्या तबकड्या गोळा करतो. "मामा, शहरातल्या लोकांचे कान बिघडलेत," तो म्हणाला. "मला एकदम निर्मळ कानांची मतं पाहिजेत." आमच्या गावातले कान गणपती, दुर्गादेवी, लग्नाच्या वराती आणि सहा पक्षांच्या प्रचाराच्या रिक्षा यांतून तावून सुलाखून निघालेले आहेत, हे त्याला कोण सांगणार? भाच्याला नाही म्हणू नये म्हणतात. मी चष्मा पुसला आणि निघालो.

तबकडी खरी, पण वाजवायचं यंत्र तो पुण्यालाच ठेवून आला होता. त्यामुळं तबकडी दाखवायची आणि गाणं मोबाइलवरून छोट्या स्पीकरवर लावायचं, अशी व्यवस्था होती. सत्यनारायणाच्या पूजेत कलश पुढं ठेवून पोथी वाचतात, तशी.

पहिलं मत माझ्या आईचं. तिनं तबकडी उलटीपालटी करून पाहिली आणि किंमत विचारली. भाच्यानं साडेतीन हजार सांगितली. आईनं तबकडी ताबडतोब त्याच्या हातात दिली, जणू तिला चटका बसला. साडेतीन हजार म्हणजे यंदाच्या पावसात भिजलेल्या सोयाबीनचा एक क्विंटल. "आन् वाजतीया का मोबाइलवर फुकटात?" तिनं विचारलं. भाचा हो म्हणाला. "मग ही कशाला आनली?" या प्रश्नाचं उत्तर जगातल्या कोणत्याही तबकडीवाल्याकडं नसावं. भाच्यानं वहीत लिहिलं, 'श्रोता क्रमांक १: किमतीविषयी साशंक.'

आता ही तबकडी काय आहे ते सांगतो, कारण पुढचे चार दिवस मी हेच गावाला सांगत फिरलो.

मुंबईला चरणजित सिंग नावाचे एक वादक होते. शंकर-जयकिशन, सचिनदेव आणि राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा बड्या संगीतकारांच्या वाद्यवृंदात त्यांनी साठ ते ऐंशीच्या दशकात वाजवलं. गिटार वाजवायचे, पुढं सिंथेसायझरही. ऐंशीच्या आसपास हिंदी सिनेमाला डिस्कोचं खूळ लागलं. १९८० साली 'कुर्बानी' आला, १९८२ साली 'डिस्को डान्सर' आला, आणि जो तो पांढरी पँट घालून दिव्यांखाली नाचू लागला. चरणजित सिंगांनी विचार केला, डिस्कोचा ठेका घ्यायचाच आहे तर त्यावर आपले राग का वाजवू नयेत? त्यांनी तबल्याला सुट्टी दिली, जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं जुळवली, म्हणजे सुरांना ज्युपिटर-८, ठेक्याला टीआर-८०८ आणि खर्जाला टीबी-३०३, आणि १९८२ साली दहा राग वाजवून काढले. प्रत्येक राग पाचेक मिनिटांचा. तबकडीचं नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ती पडली. इतकी सपशेल पडली, की पडल्याचा आवाजही कुणाला आला नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी, १९८७ साली, अमेरिकेत शिकागोच्या पोरांनी तेच टीबी-३०३ यंत्र वेडंवाकडं पिळून एका नव्या चालीचं तुफान उठवलं. त्याला 'ॲसिड हाऊस' म्हणतात. त्याच्या तालावर युरोपातली एक पिढी रात्र रात्र नाचली. पुढं २००२ च्या सुमारास नेदरलँड्सच्या एका संग्राहकाला भारतातल्या जुन्या दुकानात ही तबकडी सापडली. त्यानं सुई टेकवली आणि तो हबकला. शिकागोचा आवाज शिकागोच्या पाच वर्षं आधी, आणि तोही भैरवात! २०१० साली त्यानं ती पुन्हा छापली. तिकडच्या काही जाणकारांना तर ही आजच्याच कुणा खोडकर संगीतकारानं जुन्या नावावर खपवलेली थाप वाटली. मग चरणजित सिंगांना उतारवयात युरोपातून बोलावणी आली, तरुण पोरं त्यांच्यासमोर नाचली, आणि २०१५ साली ते गेले.

"म्हंजे अठ्ठावीस वर्सांनी कळलं लोकायला," पारावरचे आप्पा म्हणाले.

"हो ना!" भाचा हळहळला.

"त्यात काय? आपल्या बीडच्या रेल्वेपक्षा लवकरच की."

हे मात्र खरं. अहमदनगर-बीड-परळी मार्गाला १९९५ च्या सुमारास मंजुरी मिळाली आणि बीड शहरात गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तोवर अहमदनगरचंच नाव अहिल्यानगर झालं. जगाच्या दृष्टीनं अठ्ठावीस वर्षं म्हणजे उपेक्षा, आमच्या दृष्टीनं ती वेळेवर झालेली कामगिरी. भाच्यानं हे मत वहीत घेतलं नाही. मी घ्यायला लावलं.

शब्दांची अडचण पहिल्या दिवसापासून होती. भाचा ज्याला त्याला सांगे, "हे सायकेडेलिक आहे." आमच्या सलूनवाल्यानं ते 'सायकल डेली' असं ऐकलं आणि गुडघ्यांना चांगलं असतं म्हणाला. 'ॲसिड हाऊस'नं तर अनर्थ केला. गावात ॲसिड म्हणजे बॅटरीत घालायचं किंवा संडास धुवायचं. आणि 'हाऊस' ऐकू येतं 'हौस'. आई म्हणाली, "ॲसिडची कसली आलीय हौस बाबा? मला तर रोज राती व्हतंय. दूध पिऊन निजावं." भाच्यानं तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला, तशी तिनं त्याच्यापुढंच थंड दुधाचा पेला ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रॅक्टरवाल्याकडं गेलो. ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर हे आमच्याकडचं सर्वांत मोठं संगीतगृह. कारखाने सुरू व्हायच्या बेतात होते, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीत होत्या, आणि ट्रॅक्टरला नवे झेंडू, नवी गोंड्यांची झालर आणि नवा साउंड बसला होता. त्या साउंडमध्ये दोन ट्रॉल्या ऊस आणि एका ड्रायव्हरची झोप, दोन्ही ओढायची ताकद असते. रात्री दोन वाजता कारखान्याच्या रांगेत डोळा लागू नये म्हणून तो असतो. भाच्यानं मोबाइल जोडला. भैरव सुरू झाला. पहिल्या ठेक्याला शेजारच्या पत्र्यावरची कोंबडी उडाली.

खर्जातलं ते टीबी-३०३ मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकलं. बोअरच्या मोटारीनं हवा धरली की पाइपातून जसा गुळगुळ, चिरकत, मध्येच घसा साफ केल्यासारखा आवाज येतो, हुबेहूब तसा. फरक एवढाच, की हा आवाज सुरात होता. ड्रायव्हरनं मान डोलावली. एक मिनिट डोलावली, दोन मिनिटं डोलावली. पाचव्या मिनिटाला राग संपला, तसा तो म्हणाला, "बेस लई भारी हाय मामा. पर गानं कवा सुरू व्हतंय?"

"हेच गाणं आहे," भाचा म्हणाला.

"नाय, हे म्युझिक झालं. मानूस कवा म्हनायचा?"

"माणूस म्हणतच नाही यात."

ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर फसवणुकीची कळा आली. नवरदेवाशिवाय वरात निघावी तशी. भाच्याची वही भरत होती, पण त्याचा चेहरा उतरत होता.

तिथंच मुकादम उभे होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि भाच्याला विचारलं, "किती मानसं हायत हे वाजवायला?"

"एकच," भाचा छाती फुगवून म्हणाला. "ठेका, खर्ज, सूर, सगळं एकटा माणूस."

मुकादम गंभीर झाले. त्यांच्या जगात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असे पंधरा-वीस कोयते म्हणजे टोळी, आणि प्रत्येक कोयत्याला हंगामाच्या आधी मोजलेली उचल. "म्हंजे सगळी उचल एकालाच," ते म्हणाले. "आन् तो पळून गेला तर?" ॲसिड हाऊसवर जगभरात जे काही लिहून आलं असेल, त्यात हा मुद्दा कुणी मांडला नसावा.

गावातला डीजेवाला या सगळ्यांत जाणकार. त्यानं ठेका ऐकताच यंत्र ओळखलं. "हा आठशेआठचा किक हाय. मव्ह्या लॅपटॉपात हाय ह्यो." १९८० सालच्या यंत्राचा आवाज केजच्या पोराच्या लॅपटॉपात नांदतो आहे, हे ऐकून भाच्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. पण लगेच डीजेवाला म्हणाला, "फाइल टाका दादा, उंद्यापातुर करून देतो. ठेका डबल करू, मधी हलगी टाकू, आन् दर तीस सेकंदाला मव्हं नाव घेतलं की झालं." चरणजित सिंगांनी दहा रागांत एकदाही स्वतःचं नाव घेतलं नाही. तबकडी का पडली त्याचं हे एक कारण असू शकेल.

तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, कुणीतरी रागदारी कळणारं पाहिजे." मग मी त्याला अंबाजोगाईला नेलं. तिथं माझे एक जुने स्नेही आहेत, निवृत्त संगीतशिक्षक. यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात पहिल्या रांगेत बसून गाणं ऐकणारे आणि गवई चुकला तर घरी येऊन जेवण न करणारे. शिवाय अंबाजोगाई म्हणजे मुकुंदराजांचं गाव, दासोपंतांचं गाव. दासोपंतांचा 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. अशा गावात पाच मिनिटांत राग उरकला म्हणजे तिथल्या लोकांना तो राग उंबऱ्यात उभं राहून 'येतो' म्हणून गेल्यासारखा वाटतो.

गुरुजींनी डोळे मिटून यादी ऐकली. "भैरव. बरं. मग ललित. म्हणजे सूर्य उगवला आणि परत खाली गेला. मग भूपाली. दिवेलागण झाली. मग तोडी. पुन्हा सकाळचे नऊ! मग मधुवंती, दुपार उतरली. यमन, कलावती, मालकंस, इथपर्यंत घड्याळ ठीक चाललं, आणि शेवटी बैरागी, पुन्हा पहाट. अरे, तासाभरात चार सकाळी! माणसानं दात तरी किती वेळा घासायचे?"

"गुरुजी, वेळेचं जाऊ द्या," मी म्हणालो.

"का जाऊ द्या? सरकारनं कुठं जाऊ दिलंय? लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद. मालकंसाची वेळ ती, ललिताची वेळ ती. म्हणजे कायद्यानं मालकंस लावायचा तर संध्याकाळी सातला, आणि तेव्हा मी बंद करायला लावीन."

मेघमल्हार लागला तेव्हा गुरुजींच्या पत्नी आतून आल्या. एरवी आमच्या जिल्ह्यात मेघमल्हाराला पाट मांडून ओवाळतील. जूनमध्ये आम्ही आभाळाकडं बघतो, जुलैत टँकरकडं. पण यंदा सप्टेंबरात सिंदफणा फुगली, बेंदसुरा फुगली, गोदाकाठचं पीक पाण्यात गेलं. वहिनींनी राग ओळखला आणि पदर खोचला. "हा तेवढा पुढं ढकला भाऊजी. आणखी पंधरा दिवस वाजवू नका." संगीतानं पाऊस पडतो यावर एवढी ठाम श्रद्धा मी मैफलीतही पाहिली नाही. भाच्यानं आदरानं राग पुढं ढकलला.

गुरुजी मात्र यमनाला जरा सरसावून बसले. "एक सांगतो," ते म्हणाले, आणि हे त्यांना सांगावंसं वाटत नव्हतं ते दिसत होतं. "पेटीला मींड येत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, पट्ट्या पडल्या मध्ये. म्हणून आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं ते कितीतरी वर्षं. हे तुझं जपानी खोकं मात्र घसरतंय. नीट घसरतंय." एवढं बोलून त्यांनी कान पकडले आणि चहा मागवला.

परतीच्या एसटीत भाचा वही चाळत गप्प बसला होता. वडवणीच्या पोरानं सीट मागितली तेव्हाही हलला नाही. "मामा," शेवटी म्हणाला, "इतक्या लोकांना विचारलं. गाण्यावर कुणी बोललंच नाही. आजी किमतीवर बोलली, मुकादम उचलीवर, गुरुजी घड्याळावर."

मला राहवलं नाही. "आणि तू?" मी म्हटलं. "तू तीन दिवस सांगतोयस ते हेच, की ही पहिली, शिकागोच्या आधीची, दुर्मीळ. त्यात गाणं कुठं आहे? त्या युरोपातल्या माणसाला शिकागो ठाऊक, त्याला शिकागो ऐकू आलं. आपल्या मुकादमांना उचल ठाऊक, त्यांना उचल ऐकू आली. माणूस जे पोटात घेऊन येतो तेच त्याच्या कानात वाजतं."

भाचा म्हणाला, "वा मामा," आणि वही काढली. मी म्हटलं, "हे लिहू नको. हे मी आत्ताच बनवलं."

शेवटच्या संध्याकाळी कॅसिओवाले मास्तर आले. आमच्याकडं कोणतंही पट्ट्यांचं विजेचं वाद्य कोणत्याही कंपनीचं असलं तरी ते कॅसिओच. मास्तर पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये होते. चार शहनाईवाले, दोन झांजवाले आणि पुढं मिरवणारा एक गायक यांच्या मागं, हातगाडीवर कॅसिओ बांधून, जनरेटरच्या धुरात वीस वर्षं चालले. मग डीजे आला आणि बँड मोडला. आता मास्तर भजनी मंडळात वाजवतात आणि मधल्या वेळात मोबाइलचे चार्जर दुरुस्त करतात. आईनं त्यांना कॅसिओ घेऊन बोलावलं होतं ते दिवाळीच्या आरतीसाठी.

भाच्यात आता दम उरला नव्हता. त्यानं नुसतंच स्पीकर लावलं. यमन सुरू झाला. मास्तरांनी 'गाणं कधी सुरू होणार' असं विचारलं नाही. किंमत विचारली नाही. पहिल्यांदाच कुणीतरी बोटांनी ऐकत होतं. त्यांची उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती.

"ठेक्याचं यंत्र हाय," ते म्हणाले. "हे बरं. झांजवाला ऐन टायमाला गायब व्हत न्हाई, पिऊन येत न्हाई."

भाचा ताठ बसला. खर्जाचं टीबी-३०३ही मुळात अशाच अडचणीसाठी निघालं होतं. एकट्या वादकाला साथीचा खर्जवाला परवडत नाही, त्याच्या जागी हे खोकं. त्या कामात ते नापास झालं, कंपनीनं दोन-तीन वर्षांत बंद केलं, आणि मग मोडीच्या भावात शिकागोच्या पोरांच्या हाती लागलं. हे सगळं भाचा भराभर सांगू लागला. मास्तरांनी हात वर केला. बोलू नको, ऐकायलोय.

राग अर्ध्यात आल्यावर ते म्हणाले, "हा मानूस जलमभर दुसऱ्याच्या मागं वाजवलेला दिसतोय."

"कशावरून?" भाच्यानं विचारलं.

"गायकाला जागा ठिवतोय बघा. सूर लावतोय, थांबतोय. कुनीतरी म्हनंल म्हनून वाट बघतोय. कुनी न्हाई तर परत सवताच म्हनतोय."

मी आणि भाचा एकमेकांकडं बघत राहिलो. चरणजित सिंग कोण, कुणाच्या मागं वाजवायचे, यातलं एक अक्षर मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टरवाला ज्या माणसाची वाट बघत होता, त्याचीच वाट बहुधा चरणजित सिंगही बघत होते. भाच्यानं वही शोधायला पिशवीत हात घातला, आणि तेवढ्यात स्पीकरची बॅटरी संपली. चार दिवस गावभर वाजून तिनं मान टाकली. चार्जर लावावा तर लाइट गेलेली.

मास्तरांनी काही न बोलता कॅसिओ मांडीवर ओढला. त्यात सहा सेल घातलेले होते. लायटीच्या भरवशावर वाजवणारा माणूस आमच्याकडं उपाशी मरतो. डाव्या बाजूच्या एका बटणावर त्यांनी बोट ठेवलं. त्या बटणावर छापलेलं होतं, 'डिस्को'. वीस वर्षं ते तिथंच होतं. ठेका सुरू झाला, आणि मास्तरांनी मघाशी जिथं यमन तुटला होता तिथून तो उचलला. चुकत, थांबत, मध्येच गायकाला जागा ठेवत.

आई आतून निरांजन घेऊन बाहेर आली. दारात क्षणभर उभी राहिली. निरांजनाच्या उजेडात तिचा चेहरा पहिल्यांदाच खूश दिसला.

"हे कसं ग्वाड लागायलंय," ती म्हणाली. "मघाचं ते ॲसिड बंद केलं ते लई बेस केलं."

भाच्यानं पेनाचं टोपण काढलं, आईकडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं, आणि टोपण परत लावलं.